‘दात येत असतील’ म्हणू नका, फोन करा: पाळणाघर चालवणाऱ्यांना खुलं पत्र

पाळणाघर, डे केअर, प्ले ग्रुप, जे काही नाव असेल ते, चालवणाऱ्या सगळ्या ताई, मावशी आणि मॅडम लोकांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका १४ महिन्यांच्या मुलीचा बाप आहे. आधीच सांगतो, हे पत्र कुठल्या एका पाळणाघराच्या विरोधात नाहीये, नाव घेणार नाही, पत्ता सांगणार नाही, आणि आमच्या पोरीला तिथल्या मावशींचा आमच्यापेक्षा जास्त लळा आहे हे पण कबूल करून टाकतो. पण गेला आठवडाभर डोक्यात जे फिरतंय ते तुम्ही सगळ्यांनी वाचावं असं वाटलं म्हणून लिहायला बसलोय. लांबलंय जरा. दुपारी पोरं झोपली की वाचा.

तर झालं असं. गेल्या बुधवारी संध्याकाळी तिला घ्यायला गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, आज दोनदा पातळ झाली, दात येत असतील. मी पण मान डोलावली, कारण खरंच दाढा येतायत, लाळ गळतेय, दिसेल ते चावतेय. रात्री अकराला पहिली उलटी. मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी. पहाटे ताप, आणि सकाळपासून अशी पाण्यासारखी शी की डायपर उघडला तरी आत शू आहे का शी हेच कळेना. दुपारी डॉक्टरांकडे गेलो तर वेटिंगला समोरच्या बाकावर आमच्याच पाळणाघरातला एक मुलगा, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेला. त्याची आई म्हणाली, अहो याचं सोमवारपासून चालू आहे, आणि अजून दोघांचं पण आहे म्हणे. सोमवारपासून! म्हणजे तीन पोरं आधीच आडवी झालेली आणि चौथ्या पोरीच्या बापाला सांगितलं काय, तर दात येत असतील.

मी भडकलो. तिथल्या तिथे फोन काढला होता झापायला. मग एक गोष्ट आठवली आणि फोन गुपचूप खिशात ठेवला.

दोन महिन्यांपूर्वी अशीच ती एकदा पहाटे पाचला ओकली होती. मी चादर बदलली, तोंड पुसलं, कपडे बदलले. त्या दिवशी मला सुट्टी घेणं शक्य नव्हतं (म्हणजे शक्य होतं, पण नको होती). नऊला तिला तयार करून तुमच्या दारात आणून सोडली आणि सांगितलं काय, तर रात्री नीट झोपली नाही हो. उलटीतला उ पण काढला नाही. त्या आठवड्यात तिथे किती पोरं आजारी पडली कोण जाणे, मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही. म्हणजे तुम्ही सांगत नाही कारण आईबाप घाबरून पोरं घरी ठेवतील आणि वर तुमच्या स्वच्छतेवर बोट ठेवतील, आणि आम्ही सांगत नाही कारण तुम्ही पोर परत पाठवाल. दोघांच्या मध्ये व्हायरसची मात्र चंगळ.

आता त्या दातांचं आधी मिटवू. दात येताना लाळ गळते, किरकिर होते, हिरड्या सुजतात, हे खरं. पण दातामुळे दिवसातून आठ वेळा पाण्यासारखी शी, उलट्या आणि चांगला ताप हे होत नाही. मग सगळ्यांच्या आज्यांना हे दिसलं कसं? कारण वेळ जुळते. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण साधारण सहा महिन्यांनंतर ओसरत जातं, त्याच सुमाराला पोर रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात कोंबतं, आणि त्याच सुमाराला दात पण येतात. जुलाबाचे खरे गुन्हेगार तोंडात गेलेल्या वस्तूंवर बसून येतात आणि नाव दातांचं खराब होतं. बरं दात तर अडीच वर्षांपर्यंत येतच असतात, त्यामुळे हे कारण कधीही चालतं. इतकं सोयीचं कारण दुसरं नाही.

खरे गुन्हेगार कोण ते सांगतो. लहान बाळांना होणारे जुलाब, त्यातही उलटी आणि ताप घेऊन येणारे, बऱ्याचदा व्हायरसचे असतात. रोटा, नोरो, ॲडेनोचे ४० आणि ४१ नंबरचे प्रकार, ॲस्ट्रो आणि सॅपो. लोक याला पोटाचा फ्लू म्हणतात, पण फ्लूच्या व्हायरसचा आणि याचा काहीएक संबंध नाही, फ्लूची लस घेऊन हे टळत नाही. रोटामध्ये संसर्ग झाल्यावर साधारण दोन दिवसांनी आधी उलटी आणि ताप सुरू होतो, मग जुलाब, ते तीन ते आठ दिवस चालतात. नोरो घाईचा, १२ ते ४८ तासांत उगवतो, उलट्यांनी हैराण करतो आणि बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत आवरतं घेतो. ॲडेनो रेंगाळतो, आठवडा उलटला तरी शी काही घट्ट होत नाही. ॲस्ट्रो आणि सॅपो त्यातल्या त्यात सौम्य. अर्थात डायपर बघून कोणता ते ओळखता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी तपासणी पण करायला सांगितली नाही, म्हणाले नाव कळून उपचार बदलत नाहीत.

मी रात्री जागून वाचत बसलो (तसं पण जागाच होतो) तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या व्हायरसांची नावं कुठून आली बघा. १९६८ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली, शाळेतले साधारण निम्मे लोक आजारी, आणि मग त्यांनी ते घरी नेलं तर घरच्यांपैकी ३२ टक्के आजारी. त्या वेळी जपून ठेवलेल्या नमुन्यांमधून १९७२ मध्ये अल्बर्ट कपिकियन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली व्हायरस शोधून काढला, तोच नॉरवॉक व्हायरस, आजचा नोरो. सॅपो हे नाव जपानच्या साप्पोरो शहरावरून, तिथे बाळांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत साथ आली होती. म्हणजे एक शाळा आणि एक पाळणाघरासारखीच जागा. रोटाची गोष्ट वेगळी, तो १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला, जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासताना. मायक्रोस्कोपखाली तो चाकासारखा दिसतो म्हणून लॅटिनमधलं चाक, रोटा. त्याआधी डॉक्टरांना पण बहुतेक पोरांच्या जुलाबाचं कारण सापडायचं नाही, तेव्हा आज्यांनी दातांवर ढकललं तर त्यांची चूक नव्हती. आपली आहे.

आणि हे किरकोळ प्रकरण नाही हो. आताच्या लसी येण्याआधी, २००० साली, एकट्या रोटामुळे जगभरात पाच वर्षांखालची पाच लाखांहून जास्त मुलं गेली. २०१३ पर्यंत हा आकडा साधारण २ लाख १५ हजारांवर आला. पोरं व्हायरसने मरत नाहीत, अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाऊन मरतात, आणि बाळ जितकं लहान तितका साठा कमी, दुपारी खेळणारं पोर रात्री डोळे खोल गेलेलं दिसतं. मी ते यावेळी स्वतः बघितलंय. तिला रडायला येत होतं पण डोळ्यांतून पाणीच येत नव्हतं. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आतमध्ये काय होतं ते डॉक्टरांनी समजावलं ते मला फार पटलं, म्हणून इथे सांगतो. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, अन्न आणि पाणी शोषायचं काम त्यांच्या टोकावरच्या पेशी करतात. रोटा नेमका त्याच टोकावरच्या पेशींत शिरतो आणि त्या मरतात, मखमल झिजून सपाट होते, त्यामुळे शोषणं थांबतं. वर हा व्हायरस एक विषारी प्रथिन पण सोडतो, त्याने आतडं उलट पाणी बाहेर टाकायला लागतं. म्हणून ते नळ सोडल्यासारखं. यात बॅक्टेरियाचा हात नाही म्हणून अँटिबायोटिक देऊन काही होत नाही, झालं तर उलट जुलाब वाढतात. आणि गंमत म्हणजे एवढी पडझड होऊनही आतड्यातलं एक दार चालू राहतं, साखर आणि मीठ जोडीने आलं की ते दार दोघांना आत घेतं आणि त्यांच्या मागून पाणी आत जातं. ओआरएसचं सगळं गणित हेच. नुसतं पाणी दिलं तर मीठ मिळत नाही, नुसतं गोड दिलं तर जुलाब वाढतात, दोन्ही ठरलेल्या मापात लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून जे माप ठरवलंय त्यात मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज ही साखर दोन्ही सारखेच, लिटरला ७५ मिलिमोल (हे वजनाचं नाही, कणांची संख्या मोजायचं माप). म्हणून तर पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं, अर्ध पाकीट अंदाजाने ग्लासात टाकून नाही. (हे मी पहिल्या दिवशी केलं होतं. बायकोने पकडलं.)

आता तुमच्या खोलीत हा पसरतो कसा, हा माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा. आजारी बाळाच्या एक ग्रॅम शी मध्ये रोटाचे अब्जावधी कण असू शकतात, आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला शंभरापेक्षाही कमी पुरतात. म्हणजे डोळ्यांना दिसेल एवढी घाण लागतच नाही. तुम्ही म्हणता आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं आणि ते असतंच, मी बघितलंय, फरशी चकाचक, वास नाही, खेळणी रांगेत. पण डायपर बदलायच्या गादीवरून बोटावर, बोटावरून नळाच्या तोटीवर, तोटीवरून वाटी-चमच्यावर, एवढा प्रवास पुरतो. हातावर हा काही तास टिकतो, खेळण्यांवर आणि टेबलावर कित्येक दिवस. आणि आजार दिसायच्या आधीपासून शी मधून बाहेर पडायला लागतो, म्हणून तुम्ही ज्या पोराला सकाळी हसत उचलून घेतलं आणि ज्याला दुपारी उलटी झाली, त्याने दुपारपर्यंत खोलीभर प्रसाद वाटलेला असतो.

यात मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट म्हणजे दारातली ती सॅनिटायझरची बाटली. आपल्या सगळ्यांना सवय लागलीय, दोन थेंब घेतले, हात चोळले, झालं. पण नोरोवर ते जेल नीट काम करत नाही. अनेक व्हायरसांना बाहेरून चरबीचं पातळ आवरण असतं, अल्कोहोल ते आवरण फोडतं आणि व्हायरस संपतो. पोटाच्या या मंडळींना ते आवरणच नसतं, नुसतं प्रथिनाचं टणक कवच. म्हणून साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांच्या कडा, अंगठा, बोटांच्या बेचक्या. साबणाने तो मरतो म्हणून नाही, तो हातावरून सुटून गटारात जातो म्हणून. डायपर बदलल्यावर प्रत्येक वेळी, आणि पोराचे हात पण धुवायचे, त्याने बदलताना खाली हात घातलेलाच असतो, प्रत्येक बाप ते जाणतो. आणि पुसायला सगळ्यांना मिळून एकच टॉवेल खुंटीला असेल तर तो आजच्या आज काढा, धुतलेले हात पुन्हा त्यालाच पुसले की मुसळ केरात.

दुसरं, जी व्यक्ती शी साफ करते तीच भरवायला बसते. मला माहिती आहे माणसं कमी असतात, दोघीजणी आणि बारा पोरं, त्यातली एक दाराकडे आणि एक आतल्या खोलीत, त्यात कामाची वाटणी करा म्हणणं सोपं आहे. पण साथ चालू असताना तेवढे चार-पाच दिवस तरी जी डायपर बघेल तिने खाण्याच्या टेबलाकडे फिरकायचं नाही एवढं जमवा. आणि बदलायची जागा स्वयंपाकाच्या ओट्याजवळ तर मुळीच नको. मी एके ठिकाणी दोन्ही एकाच भिंतीला बघितलंय.

उलटी झाली की मात्र वेगळी तयारी लागते. उलटीचे बारीक तुषार हवेत उडतात आणि आजूबाजूच्या वस्तूंवर बसतात, नोरो असाही पसरतो, त्यामुळे फडक्याने गोल गोल पुसून तो फक्त जास्त जागेवर लावला जातो. आधी बाकीच्या पोरांना दुसरीकडे न्या. हातमोजे घाला, कागदाने वरचं सगळं टिपून पिशवीत बांधून टाका, मग साबणाच्या पाण्याने जागा धुवा आणि मग ब्लीच. साधं घरगुती ब्लीच पाच टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, कमीत कमी पाच मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं. आजूबाजूची टेबलं, दाराची कडी, नळ, खेळणी पण त्यात. जी खेळणी तोंडात जातात ती नंतर साध्या पाण्याने नीट धुऊन वाळवा. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः ॲसिडवाल्यात, मिसळू नका, विषारी वायू होतो. घाण झालेले कपडे तिथे पिळत बसू नका, पिशवीत बांधून आमच्या हातात द्या, आम्ही धुतो, गरम पाण्यात. तुम्ही चांगुलपणाने धुऊन देता हो, पण नको. कापडी सॉफ्ट टॉय साथ संपेपर्यंत कपाटात.

मग येतो ४८ तासांचा नियम, ज्यावरून भांडणं होणार. शेवटची उलटी किंवा शेवटची पातळ शी झाल्यापासून पुढचे ४८ तास पोर पाळणाघरात यायचं नाही. औषधाने ताप उतरला म्हणून नाही, सकाळी खेळतंय म्हणून नाही, शेवटच्या पातळ शी पासून मोजायचं. काही देशांत शाळा-पाळणाघरांसाठी अधिकृत सल्लाच तसा आहे. खरं तर व्हायरस त्यानंतरही बाहेर पडत राहतो, नोरो तर दोन आठवडे किंवा जास्त, पण तेवढे दिवस पोर घरी ठेवणं कुणालाच परवडत नाही, आणि जुलाब थांबले की पसरण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. म्हणून ४८ तास घरी आणि नंतर दोन आठवडे हात धुण्यात कसूर नाही, असा तो व्यवहार. हाच नियम तुम्हाला स्वतःला पण. मावशींचं पोट बिघडलंय आणि त्या तरी येतात कारण सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, असं असेल तर मालकीण बाईंनी आधी ते बघावं. दोन दिवसांचा पगार देणं दहा घरांत उलट्या पाठवण्यापेक्षा कधीही बरं.

मला माहिती आहे की हे सांगितल्यावर समोरचा बाप काय म्हणेल, कारण मीच तो बाप होतो. आमच्या घरी कोण बघणार, फी आम्ही पूर्ण भरतो, एकदाच तर झाली. तुम्ही त्या वेळी नमता, कारण तो गिऱ्हाईक आहे. म्हणून हे ॲडमिशनच्या कागदावरच लिहा आणि सही घ्या, भांडण झालं की कागद दाखवा, तुमच्या तोंडून नको कागदाच्या तोंडून येऊ दे. मला तेव्हा कुणी असा कागद दाखवला असता तर मी कुरकुर केली असती, नक्की केली असती, पण पोरीला घेऊन घरी गेलो असतो.

समजा दिवसा तुमच्याकडेच एखाद्या पोराला सुरू झालं. आम्हाला फोन करा आणि आम्ही येईपर्यंत त्याला बाकीच्यांपासून बाजूला, नजरेसमोर ठेवा. ओआरएस आमच्या परवानगीने आधीच तुमच्याकडे ठेवलेलं असू दे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, एक-दोन मिनिटांनी एक चमचा, बाटलीने गटागटा नाही, गटागटा दिलं की सगळं बाहेर येतं आणि मग सगळे म्हणतात की याला ओआरएस पचत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शी मागे साधारण ५० ते १०० मिली. आईचं दूध काढून ठेवलेलं असेल तर ते द्या, ते थांबवायचं काही कारण नाही. खाणं पण बंद करू नका, मागेल तर नेहमीचं थोडं थोडं द्या, पोट रिकामं ठेवून आतड्याला आराम मिळतो हा जुना समज आहे, झिजलेली मखमल भरून यायला अन्नच लागतं. आणि कृपा करून जुलाब थांबवायची मोठ्या माणसांची गोळी, मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकची बाटली, यातलं काही देऊ नका, आईने डब्यात पाठवलं असलं तरी नाही. झिंकचं औषध डॉक्टर देतील, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम आणि त्याखालच्याला १०, दहा ते चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायचं असतं. ते दिवसा तुमच्याकडे द्यायचं ठरलं असेल तर विसरू नका एवढंच.

तुम्ही दिवसभर पोरांच्या सोबत असता, म्हणून एक गोष्ट तुम्हीच बघू शकता आणि ती म्हणजे शू. शेवटचा शू ने ओला डायपर कधी होता ते कागदावर लिहा. सहा-आठ तासांत शू नाही, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, पोर मलूल, उचललं तरी मान टाकतंय, यातलं काही दिसलं तर आमच्या फोनची वाट बघू नका, सरळ दवाखाना. शी मध्ये रक्त, हिरवी उलटी, किंवा प्यायलेलं काहीच टिकत नसेल तर पण तेच. रक्त असेल तर ते बहुधा या व्हायरसांचं काम नसतं, वेगळं काहीतरी असतं आणि तिथे डॉक्टर कदाचित अँटिबायोटिक देतीलही. तीन महिन्यांखालचं बाळ असेल तर इतकं सगळं तपासत बसायचंच नाही, थेट न्यायचं.

लसीबद्दल पण थोडं. ॲडमिशनच्या वेळी तुम्ही लसीकरणाचं कार्ड मागता, ते फाईलला लावून ठेवता, उघडून कोणी बघत नाही. त्यात रोटाची लस आहे का ते बघा. तोंडातून द्यायचे थेंब असतात, सहा आठवड्यांच्या वयापासून सुरू, जागतिक आरोग्य संघटना २००९ पासून सगळ्याच देशांना ती द्या म्हणून सांगतेय. उशीर झाला की सुरुवात करायची वेळ निघून जाऊ शकते म्हणून नवीन बाळाच्या आईला तुम्ही विचारलं तर उपकार होतील. लोक विचारतात की लस घेऊन पण झालंच ना? हो, आमच्या पोरीला पण लस दिलेली होती. ही लस मुख्यतः आजार गंभीर होऊ देत नाही, सलाईनपर्यंत जाऊ देत नाही, जुलाबच होणार नाहीत असं नाही, आणि नोरो-ॲडेनोवर तर तिचा काही उपयोग नाही. जिथे ती सगळ्यांना मिळाली तिथे रोटा मागे पडला आणि नोरो पुढे आला, अमेरिकेत तसंच झालं. आणि लपवायचं काही नाही म्हणून हे पण सांगतो, १९९८ मध्ये आलेली पहिली लस पुढच्याच वर्षी मागे घेतली होती कारण काही बाळांमध्ये आतड्यात आतडं शिरून अडकण्याचा प्रकार दिसला. आताच्या लसींमध्ये तो धोका फारच कमी, अमेरिकेतला अंदाज लाखात एक ते पाच बाळांचा आहे, आणि आजाराचा धोका त्याच्या कितीतरी पट. अशी शंका असलेल्या आईला डॉक्टरांशी बोल म्हणावं, पाळणाघरात वाद घालू नये.

एक गंमत. एकाच खोलीत, एकाच खेळण्यांवर वाढलेली काही पोरं साथीत अजिबात आजारी पडत नाहीत आणि त्यांच्या आया म्हणतात की आमच्या घरच्या खाण्याची ताकद. नोरोच्या काही प्रकारांना आतड्याच्या पेशींवरची एक विशिष्ट साखर पकडायला लागते आणि काही माणसांमध्ये जन्मतःच ती तिथे नसते, म्हणून ती सुटतात. म्हणजे दोन पोरं ठणठणीत आहेत यावरून आमच्याकडे काही साथ नाही असं म्हणता येत नाही, आणि ज्याला झालं त्याच्या आईने काहीतरी शिळं भरवलं असेल असं पण म्हणता येत नाही. हे वाक्य वेटिंगमधल्या त्या आईला कुणीतरी ऐकवलं होतं. ती रडत होती.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि तिला खर्च पण नाही. पहिल्या पोराला उलटी किंवा दोन पातळ शी झाल्या की त्याच दिवशी सगळ्या आईबापांना मेसेज करा. पोराचं नाव नको, घर नको, फक्त एवढंच की आज एका मुलाला उलटी-जुलाब झालेत, आपापल्या बाळाकडे लक्ष ठेवा, तसं काही दिसलं तर पाठवू नका आणि आम्हाला कळवा. दुसरं झालं की पुन्हा. तुम्हाला वाटेल की असे मेसेज गेले तर लोक म्हणतील इथे सारखी पोरं आजारी पडतात. अहो सगळीकडेच पडतात, पाच वर्षांची होईपर्यंत जवळपास प्रत्येक पोराला रोटा एकदा तरी गाठतोच, हे लोकांना कळलं की तुमच्यावरचा आळ पण जाईल. सोमवारी असा मेसेज आला असता तर बुधवारी दोनदा पातळ झाली म्हटल्यावर मी दातांवर विश्वास ठेवला नसता, घरी जाताना ओआरएस घेऊन गेलो असतो, आणि रात्री अकरा ते सकाळपर्यंतचे जे तास आम्ही नुसते चादरी बदलण्यात घालवले त्यात तिच्या पोटात चमच्या-चमच्याने काहीतरी गेलं असतं.

आणि माझ्या बाजूचं पण लिहून देतो. पोरगी ओकली तर ओकली असंच सांगीन, झोप झाली नाही असं सांगणार नाही. तिची शेवटची पातळ शी काल, बुधवारी संध्याकाळी सातला झाली. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत त्याला ३८ तास होतात, मी दोनदा मोजले, कारण शुक्रवारी मला ऑफिसला जायचंय. नाही आणत. सोमवारी येतो, सोबत एक जादा ड्रेस, ओआरएसची पाकिटं आणि तुमच्या नळाजवळ ठेवायला साबण.

तो बाकावरचा मुलगा आता कसा आहे, तेवढं कळवा.

तुमचाच,
एक बाप